डिस्क जोडली, पण जागा कुठे आहे?

एका संगणकाच्या पोटात आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी संगणक. त्याची डिस्क बहुधा खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाईलच असते. समजा, २० गिगाबाइटची डिस्क भरली, म्हणून आपण तशीच आणखी एक जोडली. पण लिनक्समध्ये पाहावे, तर मोकळी जागा वाढलेलीच नाही! असे का?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस बाजार डोळ्यांपुढे आणा. तिथे नवे गोदाम बांधले; पण आत रांगा नाहीत, नोंदवही नाही, आवारातून रस्ता नाही. मग रुईच्या गाठी ठेवणार कशा? रांगा आखून नोंदवही घालणे म्हणजे डिस्कवर ‘ईएक्सटी४’सारखी फाईल-व्यवस्था उभारणे. रस्ता काढणे म्हणजे ती एखाद्या फोल्डरशी जोडणे, अर्थात ‘माउंट’ करणे. ही जोडणी ‘एफएसटॅब’ फाईलमध्ये नोंदवली नाही, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर रस्ता बंद!

मात्र सावधान! नवी फाईल-व्यवस्था चुकून जुन्या, भरलेल्या डिस्कवर उभारली, तर जुनी नोंदवहीच पुसली जाते. गाठी आत असल्या, तरी कोणती कुठे, हे सांगणार कोण? म्हणून आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचे नाव आणि आकार दोनदा ताडून पाहा.