आभाळातून मुलूख (भाग ६) : रानावर थबकलेलं विमान

गेल्या भागात तानसा आणि भातसाचे जलाशय आपण उपग्रहाच्या चित्रांत त्यांच्या काठांच्या वळणांवरून ओळखले. आज जरा दक्षिणेला, मुरबाड तालुक्यात उतरू.

वैशाखरे मागे टाकून नाणेघाटाच्या पायथ्याकडे पडद्यावरून सरकत असताना एकदा रानाच्या ऐन मध्यावर मला विमान दिसलं. आसपास धावपट्टी नाही, घर नाही, साधी पायवाटही नाही. पानझड झालेल्या तपकिरी रानावर पंख पसरलेलं, अख्खं, पांढरंशुभ्र विमान. त्याच्या अंगालगत त्याच आकाराच्या तीन पुसट छटा : एक निळसर, एक हिरवट, एक लालसर. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, इथे विमान पडलंय की काय! तसं काही झालेलं नसतं. मुंबईच्या विमानतळावर ये-जा करणारं ते एखादं नेहमीचं विमान असतं. ते खालून जात असताना नेमका त्याच घटकेला वरून उपग्रह गेलेला असतो, इतकंच.

मग या रंगीत छटा कुठून येतात? या उपग्रहांचे कॅमेरे मोबाइलसारखा एका झटक्यात फोटो काढत नाहीत. अंगण झाडताना आपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो, तसे ते जमीन ओळीओळीने टिपत पुढे जातात. निळा, हिरवा, लाल हे रंग टिपणाऱ्या पट्ट्याही वेगवेगळ्या असतात, एकीमागे एक लावलेल्या. त्यामुळे जमिनीच्या एकाच तुकड्यावर एका रंगाची नजर आधी पडते आणि दुसऱ्याची किंचित उशिरा. डोंगर, झाड, घर जागचं हलत नाही, म्हणून तिन्ही रंग एकमेकांवर चपखल बसतात. विमान मात्र तेवढ्यात पुढे निघून गेलेलं असतं. बारीक तपशील टिपणारी आणखी एक कृष्णधवल पट्टी असते. पांढरं, रेखीव विमान तिने टिपलेलं, आणि रंगीत छटा बाकीच्या पट्ट्यांनी.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं उघडा. यातला पहिला उपग्रह २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली, आणि त्यांची सगळी चित्रं कोणालाही फुकट पाहता येतात. आपल्याकडे ते सकाळी अकराच्या सुमारास येतात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, म्हणजे नेहमीचं प्रवासी विमान जेमतेम तीन-चार ठिपक्यांचं. त्याचा आकार कळत नाही, पण निळा, हिरवा आणि लाल असे तीन डाग एका ओळीत दिसतात. या उपग्रहांच्या निळ्या आणि लाल नजरेत सुमारे एका सेकंदाचं अंतर आहे. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान एका सेकंदात २५० मीटर कापतं, म्हणजे २५ ठिपके. दोन डागांमधलं अंतर मोजलं की विमानाचा वेग हातात!

हिशेब एवढा सरळ असता तर बरं झालं असतं. कसाऱ्याच्या लोकलमध्ये आसनगावच्या आसपास खिडकीतून माहुलीकडे पाहा. रुळाकडेचा खांब डोंगरासमोरून झरझर मागे पळतो, प्रत्यक्षात दोघंही जागचे हललेले नसतात. उपग्रहही असाच धावत्या गाडीत बसलेला आहे. जमिनीपासून दहा किलोमीटर उंचावर असलेलं विमान त्याला त्या खांबासारखं सरकलेलं दिसतं. एका सेकंदात हे खोटं सरकणं आठ-नऊ ठिपक्यांचं होतं. विमान कोणत्या दिशेने चाललंय त्यानुसार ते वेगात मिसळतं किंवा वजा होतं. त्यामुळे वेग सांगताना घाई करू नये. मी स्वतः आकडा लिहून ठेवतो, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकतो.

विमान कोणतं हे ओळखायचं असेल तर मात्र अर्ध्या मीटरच्या आतले तपशील दाखवणारी चित्रं हवीत आणि पडद्यावरची मोजपट्टी हवी. सुरुवात मुंबईच्या विमानतळावर उभ्या विमानांपासून करा. पंखांचा पसारा सुमारे ३६ मीटर भरला तर ते एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७-८०० असण्याची शक्यता मोठी. दोघांचा पसारा जवळजवळ सारखाच. मग लांबी मोजा : ए-३२० साडेसदतीस मीटर, ७३७-८०० साडेएकोणचाळीस. एटीआर-७२ लगेच वेगळं पडतं. त्याचे पंख सरळ, मागे न झुकलेले, आणि लांबी व पसारा दोन्ही २७ मीटरच्या आसपास. बोइंग ७७७-३०० ईआर सुमारे ७४ मीटर लांब, पंख ६५ मीटर. ए-३८० चे पंख जवळजवळ ८० मीटर, लांबीपेक्षा जास्त. हे मोजके आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी महिनाभराचा छंद होतो. उडत्या विमानालाही हीच मोजपट्टी चालते. सहाशे किलोमीटरवरून पाहणाऱ्याला दहा किलोमीटरचा फरक फारसा जाणवत नाही; ३६ मीटरचं विमान सुमारे अर्ध्या मीटरने मोठं दिसतं.

मोजपट्टीपेक्षाही मला जास्त शिकवलं ते सावलीने. वरून पाहताना शेपटीचा उभा पंख म्हणजे नुसती एक रेघ असते; त्याचा खरा आकार शेजारी डांबरावर पडलेल्या सावलीत दिसतो. आपल्या मुलखातल्या सुळक्यांचंही तेच. देहरीजवळचे गोरखगड आणि मच्छिंद्रगड रस्त्यावरून केवढे छाती दडपून टाकणारे! उपग्रहाच्या चित्रात ते झाडीतले दोन खडकाळ ठिपके. तिथे गेलेल्या माणसालाही ते चटकन सापडत नाहीत. डिसेंबरातलं सकाळचं चित्र लावा, की वायव्येकडे लांब, टोकदार सावल्या पडलेल्या दिसतात आणि गड ओळखू येतो. डिसेंबरअखेर सकाळी अकराला मुरबाडच्या आकाशात सूर्य साधारण ४१ अंशांवर असतो. सपाट जागी पडलेली सावली तेव्हा उंचीच्या सव्वा पटीहून थोडी कमी भरते, म्हणजे ११५ मीटर सावलीमागे १०० मीटर उंची. उतारावर हा हिशेब बिघडतो. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमाराच्या चित्रांत सावल्या आखडतात आणि गोरखगड पोळपाटासारखा चपटा होतो.

सावलीच एक चकवाही देते. नकाशात उत्तर वर असते आणि हिवाळ्यात आपला सूर्य दक्षिणेला, म्हणजे चित्राच्या खालच्या बाजूला. आपल्या डोळ्यांना मात्र जन्मापासून वरून येणाऱ्या उजेडाची सवय. त्यामुळे मेंदू सगळं उलटं वाचतो : माळशेजची दरी फुगून डोंगर होते आणि डोंगराची धार ओढ्यासारखी खोल जाते. एकदा हा भ्रम बसला की कितीही डोळे चोळले तरी सुटत नाही. उपाय साधा आहे. चित्र उलटं फिरवा, दक्षिण वर आणा. दरी पुन्हा दरी होते.

आता मुख्य गोष्ट. उपग्रहाचं चित्र आपण जागेचं चित्र समजतो. खरं तर ते जागेइतकंच वेळेचंही असतं. हे मला शिकवलं शेजारच्या तात्यांनी. वय सत्तरीच्या पुढे, सारा जन्म भातशेतीत गेलेला. मोबाइलवर त्यांना त्यांचंच शेत दाखवलं. घर, विहीर, आंबा हे त्यांनी ओळखलं, मग खाचरांच्या कडेचे काळे चौकोन निरखत म्हणाले, “शिमगा होऊन गेलाय. राब भाजलेत, पण नांगर नाय फिरला अजून.” गूगल अर्थमध्ये चित्राची तारीख तळाशी दिसते. ती एप्रिलची होती. तात्यांनी तारखेकडे पाहिलंही नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक चित्राचा महिना आधी शोधतो. काळे चौकोन म्हणजे राब, पेरणीआधी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा. पिवळ्या खाचरांच्या मधे हिरवे तुकडे म्हणजे भात कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर आलेला वाल किंवा हरभरा. नदीकाठी तांबूस आयत आणि भोवती राखेची जमीन म्हणजे चालू वीटभट्टी, म्हणजे दिवाळी मागे पडलेली. जलाशयाच्या काठाला मातीचा रुंद पट्टा उघडा पडला असेल तर उन्हाळा सरत आलेला. कधीकधी एकाच तालुक्यावर दोन महिने शेजारी शेजारी बसलेले दिसतात : सरळ रेघेच्या अलीकडे रान हिरवं, पलीकडे करपलेलं. वेगवेगळ्या दिवशीची चित्रं शिवून गोधडी केलेली असते, आणि ती रेघ म्हणजे तिची शिवण.

एक महिना मात्र या चित्रांत शोधूनही मिळत नाही : आषाढ. जे पाहायला लोक पावसाळ्यात माळशेजला गर्दी करतात, ते धबधबे आणि कड्यांवरचं हिरवं नेहमीच्या चित्रांत जवळजवळ कधीच नसतं. ढगांखालचं या कॅमेऱ्यांना दिसत नाही, म्हणून निरभ्र दिवसांची चित्रं निवडली जातात. आपल्या मुलखाचं जगाला दिसणारं रूप त्यामुळे वर्षानुवर्षं कोरडं, तपकिरीच राहिलं आहे. मला याचं वाईट वाटतं.

आणि अशाच एका आषाढाची गोष्ट सांगायची आहे. ७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येणारं अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान उतरण्याच्या तयारीत होतं. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं समजून वैमानिकांनी उंची लवकर कमी केली. विमान अजून सह्याद्रीच्या पलीकडे होतं. जुन्नरजवळच्या एका डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर ते आदळलं. ९४ माणसं गेली, कोणीही वाचलं नाही.

तो भाग पडद्यावर उघडून मुंबईपर्यंत रेघ ओढली की अंतर ८४ किलोमीटरच्या आसपास भरतं. आजच्या विमानांना हे अंतर म्हणजे काही मिनिटं. त्या रेघेवर आधी जुन्नरचे डोंगर लागतात, मग एकदम कडा तुटतो आणि कितीतरी खाली मुरबाडची खाचरं सुरू होतात. चित्र दुपारच्या उन्हातलं असेल तर हा कडा एका बारीक सुरकुतीइतकाच दिसतो, आणि त्या पावसाळी रात्री तेवढंही दिसण्याची सोय नव्हती. रानावर थबकलेलं ते पांढरं विमान मला सापडलं ते याच रेघेच्या आसपास, कड्याच्या अलीकडे. ते सुखरूप उतरलं असणार.

पुढच्या आठवड्यात कल्याणजवळच्या नेवाळीला जाऊ. दुसऱ्या महायुद्धात शेतजमिनी घेऊन तिथे विमानतळ बांधला गेला. त्याच जमिनींसाठी २०१७ साली शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या धावपट्टीच्या रेषा वरून कशा वाचायच्या ते पाहू. तोवर आपापल्या गावाचं चित्र उघडा, तारीख झाकून ठेवा आणि महिना घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारा.