गाठ काढली, पण ती कोणत्या जातीची?

बिलोलीच्या एका शिक्षक मित्राचा फोन आला. त्याच्या मेहुण्याच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ नांदेडला काढली होती. डॉक्टरांनी हातात बरणी देऊन ‘हे तपासायला द्या’ म्हटले. मित्र विचारत होता, “गाठ तर निघाली, मग आता तपासायचे काय राहिले?”

मी आधी विचारले, बरणीत फॉर्मॅलिन आहे ना? साध्या पाण्यात वा सलाइनमध्ये तुकडा ठेवला तर पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळू लागतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली काहीच उमजत नाही. तुकड्याच्या साधारण दहापट फॉर्मॅलिन लागते. सुदैवाने ते होते.

घट्ट झालेला तुकडा मेणात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळे-जांभळे दिसते, इओसिनने बाकीचे गुलाबी. कांद्याच्या पापुद्र्यावर आपण आयोडीन टाकतो, तीच युक्ती.

आता पाहायचे काय? आतड्याच्या अस्तरात श्लेष्मा स्रवणाऱ्या, नळीसारख्या ग्रंथी असतात. कर्कपेशी अजून तशा नळ्या रचत असतील तर त्या आपली मूळ घडण फारशा विसरलेल्या नाहीत. पण काही गाठींत पेशी श्लेष्म्याने टम्म फुगतात, केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. अशा पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. त्या सुट्या सुट्या भिंतीत शिरतात, उदरपोकळीच्या पडद्यावर पसरतात. शल्यचिकित्सकाच्या बोटांना गाठीची कडच लागत नाही! म्हणून या प्रकारात शस्त्रक्रियेनंतरही रोग उलटण्याची भीती जास्त. पाश्चात्त्य देशांत मोठ्या आतड्याच्या शंभर रुग्णांत असा एखादाच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत मात्र सुमारे १३ टक्के, आणि रुग्णांचे सरासरी वय अवघे ४७. अर्थात टाटाकडे अवघड रुग्ण अधिक जातात, हे ध्यानात घ्यायला हवे. तरीही, तिशीतल्या माणसाच्या शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसणे धोक्याचेच.

मात्र वाईट जात ती कायमची वाईट, असे नाही. अन्ननलिकेचे पाहा. तिथे चपट्या पेशींचा कर्करोग आपल्याकडे अधिक आढळतो, ग्रंथीपेशींचा पाश्चात्त्यांत. नेदरलँड्समधील एका चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१५ साली आले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत चपट्या पेशींचे निम्मे रुग्ण सुमारे २१ महिन्यांपलीकडे जगले, ग्रंथीपेशींचे २७. शस्त्रक्रियेआधी औषधे व किरणोपचार दिल्यावर हेच आकडे अनुक्रमे ८२ आणि ४३ झाले. मागे असलेली जात पुढे गेली, कारण तिच्या पेशी किरणांपुढे अधिक सहज नमतात.

रोग किती खोल गेला, लसिका ग्रंथींत पोचला का, याचे वजन जातीपेक्षाही मोठे. आतड्याबरोबर निदान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. आठवड्याने मित्राने अहवाल वाचून दाखवला: ग्रंथीपेशींचा कर्करोग, घडण मध्यम, अंगठीसारख्या पेशी नाहीत, पण तपासलेल्या १६ ग्रंथींपैकी २ मध्ये रोग. पुढच्या महिन्यात मेहुण्याची केमोथेरपी सुरू झाली.