नऊ टन हवा आणि हलणारी जमीन

१४ ऑगस्ट १९३६. बर्लिन ऑलिंपिकमधला बास्केटबॉलचा अंतिम सामना. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच आला होता आणि यजमानांनी तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर खेळवला. त्या दिवशी नेमका पाऊस कोसळला. कोर्टाचा चिखल झाला, चेंडू टप्पाच घेईना, ड्रिबलिंग विसराच. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. दोन्ही संघांचे मिळून २७ गुण; आज तेवढे दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये होतात. खेळाचे जनक जेम्स नायस्मिथ त्या ऑलिंपिकला जातीने हजर होते. आणि त्याच ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमूही गेला होता, कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी सुरू केलेली ही संस्था तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती.

चिखलातल्या त्या सामन्याची गंमत अशी, की हा खेळ जन्मलाच छपराखाली. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, बाहेर बर्फ. कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांना हॉलमध्ये दमवायचं कसं, हा नायस्मिथ यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर आहे. चार वर्षांनी शेजारच्या होल्योक गावात विल्यम मॉर्गन यांनी बास्केटबॉलची धक्काबुक्की न झेपणाऱ्या मध्यमवयीन मंडळींसाठी साडेसहा फुटांवर जाळी बांधली आणि व्हॉलीबॉल सुरू केला. दोन्ही खेळ थंडीपासून पळून हॉलमध्ये शिरलेले. आपण त्यांना मुरमाच्या मैदानावर आणलं, आणि आता पुन्हा छपराखाली न्यायचं म्हणतो, ते उन्हापासून पळण्यासाठी.

तर समजा, अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या कॉलेजने या दोन खेळांसाठी इनडोअर हॉल बांधायचं ठरवलं. कागदावर पहिल्यांदा काय येतं? मापं. आणि इथेच पहिलं आश्चर्य आहे.

बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. व्हॉलीबॉलला चारही बाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा लागते. ती धरली की होतात २४ बाय १५. रुंदी बघा: बरोब्बर १५. एक कोर्ट दुसऱ्याच्या पोटात चपखल बसतं. दोन्ही कोर्टांचे मध्य जुळवले, तर व्हॉलीबॉलच्या मागच्या रेषेपासून बास्केटबॉलच्या मागच्या रेषेपर्यंत प्रत्येक बाजूला ५ मीटर उरतात. पण बास्केटबॉलचा बोर्ड रेषेच्या १.२ मीटर आत झुकलेला असतो आणि रिंगची पुढची कड सुमारे १.८ मीटर आत येते. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याच्या मागे ३.२ मीटर मोकळे. नियम ३ चा आहे. वीसेक सेंटिमीटरवर निभावतं! अर्थात जंप सर्व्हिससाठी लांबून धावत येणाऱ्या पोरांना एवढ्यात भागत नाही. मोठ्या स्पर्धेला बास्केटचे स्टँड बाजूला ढकलावेच लागतात. म्हणून ते चाकांवरचे घ्यावेत.

जर्मनीत शाळांसाठी ४५ बाय २७ मीटर, उंची ७ मीटर, असा तिहेरी हॉल ठरीव मापाचा असतो. त्या मापात आपलं गणित फार छान बसतं. सामन्याच्या दिवशी लांबीत एकच बास्केटबॉल कोर्ट, कडेच्या मोकळ्या पट्ट्यांसह ३२ बाय १९, आणि उरलेल्या जागेत प्रेक्षकांच्या पायऱ्या. रोजच्या सरावाला, पायऱ्या घडीच्या असतील तर, व्हॉलीबॉलची तीन कोर्टं आडवी: २४ मीटर हॉलच्या रुंदीत मावतात आणि १५ त्रिक ४५. मुलांचा संघ, मुलींचा संघ, नवशिके, सगळे एकाच वेळी. जाळी मुलांना २.४३ मीटर, मुलींना २.२४. फक्त पोलांची सॉकेटं स्लॅब टाकतानाच, झाकणासकट, जमिनीच्या पातळीत बसवावी लागतात. नंतर फोडाफोडी करून बसवलेलं सॉकेट कायमचं ठेच लागायची जागा होऊन बसतं.

आता वर बघा. व्हॉलीबॉलला कोर्टावर किमान ७ मीटर मोकळी उंची हवी, जागतिक स्पर्धांना १२.५ मीटर. इतकी कशाला? शाळेतलं सूत्र वापरून पाहू. जमिनीपासून मीटरभरावर उचललेला चेंडू ७ मीटरवर पोचायला त्याला ताशी ३९ किलोमीटरचा वेग पुरतो. साडेबारावर पोचायला ताशी ५४. (हवेचा अडथळा सोडून दिलाय.) पट्टीच्या खेळाडूची सर्व्हिस ताशी शंभराच्या पुढे असते, तिचा निम्मा वेग जरी हातावरून वर वळला, तरी सात मीटरचं छत गाठलंच म्हणून समजा. आणि चेंडू छताला लागला की नियमाने तो बाहेर. चुकीच्या उंचीचं छत म्हणजे दोन्ही संघांना नको असलेला तेरावा खेळाडू.

या पोकळीलाही वजन असतं. ४५ गुणिले २७ गुणिले ७ म्हणजे साडेआठ हजार घनमीटर हवा. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात, चाळीस अंशांना, तिचं वजन भरतं नऊ टनांच्या वर. छत साडेबारा मीटरवर नेलं तर सोळा टन. तापलेली नऊ टन हवा थंड कशी करायची, हा प्रश्न पुढे येतोच. त्याआधी पायाखाली बघू, कारण वऱ्हाडात खरा खेळ तिथे आहे.

वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, ती या काळ्या मातीमुळे. पूर्णेच्या खोऱ्यात ही माती कित्येक मीटर खोल आहे. कपाशीला जो गुण सोन्याचा, तोच बांधकामाला काळ. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पापुद्र्यांवर पापुद्रे, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये पाणी शिरायला जागा. पावसाळ्यात पाणी शिरतं, माती फुगते. मे महिन्यात ते उडून जातं, माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ही भेग मोलाची, कारण वरची भुसभुशीत माती तिच्यात पडते आणि जमीन आपणच आपल्याला उलथवून घेते. इंजिनिअरला ती धडकी भरवणारी.

माती किती फुगते, हे पाहायची एक साधी चाचणी आहे आणि ती प्रत्येक कॉलेजने विद्यार्थ्यांसमोर करावी अशी माझी फार इच्छा आहे. भट्टीत वाळवून चाळलेल्या मातीचे दहा दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यायचे. शंभर मिलिलिटरची काचेची दोन मोजपात्रं. एकात रॉकेल, एकात शुद्ध पाणी. माती टाकून ढवळायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती आहे तेवढीच तळाशी बसते. पाण्यातली मात्र वर चढत राहते. काळ्या मातीचा थर रॉकेलातल्या थराच्या दीडपट सहज भरतो, कधी दुप्पटही. तीच माती, तेवढंच वजन.

ही फुगणारी माती चौरस मीटरला दहा टनांहून जास्त जोराने वर रेटू शकते. हॉलची जमीन, म्हणजे पंधरा सेंटिमीटरची स्लॅब आणि वरचं लाकूड, चौरस मीटरला अर्धा टनसुद्धा भरत नाही. झगडा कोण जिंकणार हे उघड आहे. त्यात आणखी एक खोच: हॉल बांधला की मधल्या जमिनीवर ऊन पडत नाही, तिच्यातलं पाणी उडत नाही, ओल साचत जाते. कडा मात्र दर उन्हाळ्यात सुकतात. मग हॉलच्या मध्यावर, जिथे टॉसचा चेंडू उडतो तिथेच, जमीन हळूहळू घुमटासारखी वर येते. लाकडी कोर्टाला सपाटीची अट असते तीन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरची. काळी माती ही अट एका पावसाळ्यात मोडू शकते.

यावर दोन उत्तरं आपल्याच देशात सापडली. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले पाइल रूढ केले. ते साडेतीन-चार मीटर खोल, जिथे ऋतूंची वर्दी पोचत नाही, तिथे घट्ट धरून बसतात. कॉलम त्यांच्यावर उभे करायचे. पण कोर्टाची जमीन? तिथे मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांचं काम उपयोगी पडतं. त्यांच्या लक्षात आलं की काळ्या मातीच्या थरात साधारण मीटरभराखालची माती पाण्याने भिजली तरी फुगत नाही. वरच्या मातीच्या नुसत्या वजनाने हे होत नव्हतं, कारण तेवढ्याच वजनाची वाळू टाकून फुगणं थांबत नाही. वरच्या थराचा चिकटपणाच खालच्या थराला धरून ठेवतो. मग वरची मीटरभर काळी माती काढून तिथे न फुगणारी पण चिकट माती, उदाहरणार्थ चांगला मुरूम, थराथराने दाबून भरली की काम झालं. निसर्ग खाली जे करतो, तेच वर माणसाने करायचं! मला हे उत्तर कुठल्याही उंच इमारतीपेक्षा जास्त देखणं वाटतं.

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात एक जादा काळजी. तिथल्या बोअरचं पाणी खारट; त्यातलं क्लोराइड लोखंडी सळई आतून खातं. लोखंडाच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं, असं भारतीय मानक सांगतं. काँक्रीट कालवायला आणि त्यावर मारायला गोडं पाणी टँकरने आणावं लागलं, तरी ते स्वस्तच पडेल.

आता हवा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाण्याचं कुणाला नवल नाही, ४७ सुद्धा पाहून झालाय. वऱ्हाडी माणसाचं उत्तर तयार असतं: कूलर लावा. आणि ते चूक नाही. ४३ अंश तापमान आणि १८ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर २४ अंश दाखवतो. चांगला कूलर त्या दिशेने ८० टक्के वाट चालतो आणि हवा सुमारे २८ अंशांवर आणतो. पंधरा अंशांची उतराई, खर्च पाणी आणि पंख्याच्या विजेचा. कोरड्या उन्हाळ्याची ही देणगी मुंबईकरांच्या नशिबी नाही.

पण त्या २८ अंशांच्या हवेत आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. आणि लाकडाला ते सोसत नाही. बास्केटबॉलचं कोर्ट जगभर मॅपलच्या पट्ट्यांचं करतात. त्याला ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. लाकूड हवेतली ओल पितं आणि आडवं फुगतं. पट्ट्यांतली ओल सहा टक्क्यांनी वाढली आणि त्यांना कुणी अडवलं नाही, तर पंधरा मीटर रुंदीच्या जमिनीची रुंदी, लाकूड कसं चिरलंय त्यावर, पंधरा ते तीस सेंटिमीटरने वाढेल! प्रत्यक्षात खिळे आणि पट्ट्यांमधल्या बारीक फटी बरंच पोटात घेतात, भिंतीलगत दोन इंचांची फट मुद्दाम सोडतात. तरी उन्हाळाभर कूलर आणि मग लगेच वऱ्हाडी पावसाळा असा दुहेरी मारा झाला की पट्ट्या टेंगळासारख्या उठतात. कूलर आणि मॅपल एका घरात नांदत नाहीत, हे हॉलच्या समितीने पहिल्याच बैठकीत मान्य करावं.

मेळघाटचं सागवान शेजारी असताना मॅपल कशाला, असं कुणी विचारेलच. प्रश्न रास्त आहे. सागवान ओलीने मॅपलपेक्षा बरंच कमी हलतं. पण ते मऊ आहे. रोजच्या बुटांखाली आणि स्टँडच्या चाकांखाली त्यावर लवकर खळगे पडतात. मग तिसरा पर्याय, लवचिक थरावरचं पॉलियुरेथेन किंवा व्हिनाइल. युरोपीय मानक जमिनीचा कस लावताना लाकूड की रबर असं विचारत नाही. ते विचारतं: उडी मारून आलेल्या पायाचा धक्का २५ ते ७५ टक्के जिरतो का, आणि चेंडूचा टप्पा पक्क्या काँक्रीटवरच्या टप्प्याच्या ९० टक्के तरी येतो का? म्हणजे तीच जमीन गुडघ्याला मऊ आणि चेंडूला कडक हवी. चेंडू हलका आणि क्षणभर टेकणारा, माणूस जड आणि रेंगाळणारा; त्या फरकावर हे साधतं. वर्षभर एसीचं बिल भरता येत नसेल, तर वऱ्हाडातल्या कॉलेजने पॉलियुरेथेन घ्यावं आणि खुशाल कूलर लावावेत, असं माझं मत.

उजेडाबद्दल थोडक्यात. व्हॉलीबॉलचा सेटर सतत वर बघतो, म्हणून दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर नकोत, बाजूंना हवेत. बास्केटच्या मागच्या भिंतींना खिडक्या नकोत. जुन्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांची छपरं उत्तरेचा शांत उजेड आत घेत. तीच युक्ती इथे चालेल, पण एका दुरुस्तीने. अमरावती-अकोला २१ अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीसुद्धा उत्तरेकडेच असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन घुसतं. खिडकीला उभ्या आडोशाच्या पट्ट्या हव्यातच.

राहिला उंचीचा निर्णय. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या संघांचे सामने भरवायचे, तर साडेबारा मीटरची चैन परवडणारी नाही आणि सात मीटर अपुरे. नऊ मीटर करावं. छप्पर पत्र्याचं असेल तर मध्ये उष्णतारोधक थर घालावा, तो आवाजही जिरवतो; नाहीतर जुलैच्या पहिल्या सरीत पंचाची शिट्टी ऐकू येणार नाही. आणि कामाचा क्रम मातीच्या तालाने लावावा: चाचणीचा खड्डा मे महिन्यात, त्याच जागी दुसरा सप्टेंबरमध्ये, पाइल दिवाळीनंतर, छप्पर पुढच्या जूनच्या आत. जमिनीचा वरचा थर त्या छपराखाली एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, सपाटी पट्टीने पुन्हा मोजून मगच टाकावा.