डमडमचा तांब्या

कोलकात्याजवळच्या डमडममध्ये कंपनी सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना होता. जानेवारी १८५७ मध्ये कॅप्टन राइट यांनी वरिष्ठांना कळवलेली हकीकत अशी: कारखान्यातल्या एका खलाशाने, म्हणजे मजुराने, ब्राह्मण शिपायाकडे तांब्यातलं पाणी मागितलं. त्याची जात पाहून शिपायाने नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, गाय-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडायला लागलास की तुझी जात कुठे राहील?

ही बातमी छावण्याछावण्यांत पसरली. आपल्याला इतिहासात १८५७ च्या उठावाचं कारण म्हणून चरबी शिकवली जाते. नाकारलेलं पाणी मात्र कडेला राहतं. मला ते जास्त बोचतं. एकाच आवारात राबणाऱ्या दोघांत घोटभर पाण्याचाही व्यवहार नव्हता. पाण्याच्या हक्कासाठीचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९२७ मध्ये झाला.

बराकपूरच्या छावणीचे प्रमुख जनरल हिअर्सी यांनी शिपायांचं म्हणणं ऐकून घेतलं, हे खरं. शिपायांनी वंगण स्वतःच तयार करावं ही त्यांची सूचना सरकारने मान्यही केली. पण तोवर संशय काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला होता. फेब्रुवारीत हिअर्सी यांनी बराकपूरच्या कवायत मैदानावर शिपायांना हिंदुस्तानीत समजावलं. पुढे काडतूस हाताने फाडायची मुभाही मिळाली. तरी भीती शमली नाही, कारण मुळात वंगणात काय घालायचं हे ठरवताना शिपायांना कुणी विचारलंच नव्हतं. २९ मार्चला त्याच बराकपूरमध्ये शिपाई मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं.