बांधाचा पत्ता

उपग्रहाधारित रोव्हर यंत्राने होणाऱ्या जमीनमोजणीच्या आणि मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर अक्षांश-रेखांश उमटू लागल्याच्या वार्ता वाचकांच्या परिचयाच्या आहेत. परंतु खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर अशी नामांतरे पाहिलेल्या या भूमीतील शेतकऱ्याला, अक्षांश-रेखांश हेही जमिनीचे एक नावच असते आणि नाव पालटले म्हणून जमीन हलत नाही, हे उमजण्यास फार सायास पडू नयेत.

साखळीने केलेल्या जुन्या मोजण्यांत टिपणे लिहिली गेली ती दगडापासून दगडापर्यंत. 33 फुटांच्या साखळीचा वर्ग तो गुंठा, एवढ्यावर सारा हिशेब चाले आणि आकाशातील कोणत्याही ग्रहगोलाशी त्याचा संबंध नसे. निराळी गोष्ट होती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांची, कारण ते 1830 साली सर्वेक्षक एव्हरेस्टने ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर आणि मध्य भारतातील कल्याणपूर या आरंभबिंदूवर आधारलेले होते; अशा आधारालाच येथे ‘प्रमाण’ म्हटले आहे. उपग्रह ज्या जागतिक प्रमाणावर चालतात त्यात आणि या जुन्या प्रमाणात आपल्या जिल्ह्यात शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते; तेव्हा रूपांतर न करता जुना नकाशा उपग्रहचित्रावर अंथरणारा मनुष्य एकाची विहीर दुसऱ्याच्या गटात नेऊन ठेवील, यात संशय नाही.

याहून सूक्ष्म, आणि मला अधिक चिंतनीय वाटणारी, बाब अशी की आपला उपखंडच दरसाल सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. बांध, विहीर आणि शेजारी हे सारे एकत्रच सरकत असल्यामुळे त्यांच्यातील अंतर बिघडत नाही. परंतु जागतिक प्रमाणातील आकडे मात्र वीस वर्षांत एका मीटरने, म्हणजे दोन हातांहून अधिक, बदलतात. ऑस्ट्रेलियाने 1994 चे प्रमाण सोडून 2020 चे स्वीकारले, तेव्हा तेथील आकडे 1.8 मीटरने पालटले. आपल्याकडे हातभर बांधापायी भाऊबंदकी पिढ्यानपिढ्या चालते आणि दिवाणी दावे मूळ वादी-प्रतिवादींच्या मागेही उरतात. अशा मुलखात प्रमाणाचा व दिनांकाचा उल्लेख नसलेला अक्षांश हा अर्धवट दस्तऐवज होय.

म्हणून माझा आग्रह असा की, प्रत्येक ‘क’ प्रतीवर कोणते प्रमाण व कोणत्या दिवशीचे हे स्पष्ट लिहावे. आणि मोजणीदाराने रोव्हर उभा करण्यापूर्वी मूळ टिपण हाती घेऊन, दोन्ही बाजूंच्या कब्जेदारांसमक्ष, जुना हद्दीचा दगड शोधून काढावा.