सातबाऱ्यावर अजून आजोबाच? वारस नोंद, हक्कसोड आणि नॉमिनीत होणारी गल्लत

विकास सोसायटीचं पीककर्ज असो, केळीचा विमा असो की पीएम किसानचा हप्ता, पहिला प्रश्न एकच येतो: सातबारा कोणाच्या नावावर? जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत उत्तर असतं, 'आजोबांच्या'. आजोबा जाऊन वर्षं लोटलेली असतात. मग वडील जातात, आत्या जाते, त्यांची मुलं वारस होतात आणि चार सह्यांचं काम पंधरा सह्यांवर जातं. त्यातली एक सही सुरतला, एक पुण्याला, आणि एक रुसून बसलेली.

हे साठलेलं काम निपटायला राज्य सरकारनं 1 एप्रिल 2025 पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली. सुरुवात शेजारच्या बुलढाण्यातून झाली होती. पण मोहिमेची वाट पाहायची गरज नाही. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठी आप्पांकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून वारसाहक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, स्वयंघोषणापत्र आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते लागतात. अर्ज ई-हक्क पोर्टलवरूनही होतो. नोटीस निघते, हरकत आली नाही तर फेरफार मंजूर.

सगळ्या म्हणजे सगळ्या वारसांची. खरी गोम इथेच आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. आधीच वारलेल्या मुलाची बायको-मुलंही त्याच्या वाट्याला उभी राहतात. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचं नाव कटत नाही. वडिलोपार्जित जमिनीत तर ती जन्मापासून भागीदार आहे. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी कायदेशीर वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी.

बहिणीला हिस्सा नको असेल तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सांगावं लागतं. कोऱ्या कागदावरची सही त्याला पुरत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर घाईत कागद सरकवणं मात्र बरं नव्हे. एकदा नोंदणी झाली की ती मागे घेणं फार अवघड, म्हणून तिनं कागद वाचून, विचारून मगच सही करावी.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत. ज्याला वाटा मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली असली की पुढे वाद कमी. सून विधवा झाली, वाटण्या झाल्या, नातू झाला, की नवं करता येतं; शेवटचं धरलं जातं. माणसाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं, अख्ख्या गटाचं नाही.

आता नॉमिनी. 'कालनिर्णय' घरोघरी भिंतीवर असतं. ते सुरू करणारे जयंत साळगांवकर 20 ऑगस्ट 2013 ला वारले. मृत्युपत्र असूनही ठेवी आणि म्युच्युअल फंडांवरून घरातला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: नॉमिनी हा मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क मात्र वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलंय त्याचा. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर कोणाचं नाव आहे, ते पासबुक घेऊन एकदा विचारून यावं.

जिवंतपणीच शेत पोराच्या नावावर करणाऱ्यांनी एक पाहावं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेल्याला पीएम किसान मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानं आलेली असेल तरच सूट.

वरचा वाटपाचा हिशोब हिंदू कुटुंबांचा आहे. मुस्लीम कुटुंबात मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशच देता येतं. साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी पाहतात. पण बाईला हिस्सा नाही अशी रूढी सिद्ध झाली नाही, तर केवळ बाई म्हणून तिला डावलता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे.