स्मरणाला हवे थोडे ऑक्सिडीकरण

कॅल्शियम म्हटले की हाडे आणि दूध आठवते. मेंदूतल्या चेतापेशींचा बराचसा कारभारही याच मूलद्रव्याच्या चढउतारांवर चालतो. पेशी शांत असते तेव्हा बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असते. पेशीच्या आतही आंतर्द्रव्य जालिका नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात त्याचा साठा बंदिस्त असतो. संदेश आला की तो साठा क्षणभर खुला होतो.

साठा खुला करणाऱ्या प्रमुख वाहिन्यांपैकी एक म्हणजे रायनोडिन ग्राही. दक्षिण अमेरिकेतल्या रायानिया वनस्पतीतले विष तिला चिकटते, म्हणून हे नाव. आजवर माहीत असलेल्या आयन वाहिन्यांमध्ये ही सर्वांत अवाढव्य. तिचे घटक चार आणि प्रत्येक घटकात जवळपास ५,००० अमिनो आम्ले. विशेष म्हणजे तिला उघडणारे द्रव्यही कॅल्शियमच. बाहेरून थोडे आत शिरले की ती साठ्यातले बरेच सोडते. असा गुणाकार बेलगाम झाला तर पेशीच्या जिवावर बेतेल. म्हणून मॅग्नेशियमसारखे घटक तिला एरवी आवरून धरतात.

हा आवर किती घट्ट असावा, हे ठरवण्यात ऑक्सिडीकरणाचा मोठा वाटा आहे. वाहिनीच्या प्रत्येक घटकात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सुमारे शंभर ठिकाणी असते. त्यांतली काही ठिकाणे फार संवेदनशील. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा नायट्रिक ऑक्साइड वाढले की तिथल्या गंधकाशी नवे बंध जुळतात आणि वाहिनीचे वागणे पालटते.

चिलीमधील शास्त्रज्ञ सेसिलिया हिदाल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे स्पष्ट केले. उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकातल्या वाहिन्या त्यांनी कृत्रिम मेदपटलात बसवल्या आणि एकेका वाहिनीतून वाहणारा प्रवाह मोजला. काही वाहिन्या कॅल्शियमला जेमतेम दाद देत आणि ते फार वाढले की मिटत. ऑक्सिडीकारक द्रव्य घालताच त्याच वाहिन्या सहज उघडू लागल्या, भरपूर कॅल्शियम असतानाही उघड्याच राहू लागल्या. उलट क्रिया करणारे द्रव्य दिल्यावर त्यांचा जोर पुन्हा ओसरला. लोखंडावर चढलेला गंज आपोआप उतरत नाही. इथले बंध मात्र सोडवता येतात. म्हणूनच पेशीला त्यांचा वापर नियंत्रणासाठी करता येतो.

आणि पेशी तो करतेही. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करते आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. या विकराचे महत्त्वाचे भाग नसलेल्या उंदरांमध्ये चेतापेशींमधील जोडण्या दीर्घकाळ बळकट होण्याची प्रक्रिया मंदावते आणि स्मरणही उणे पडते. शिकण्यासाठी पेशीला थोडे ऑक्सिडीकरण लागते, असाच याचा अर्थ.

प्रमाण सुटले की चित्र उलटते. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उंदरांवरील प्रयोगांत अशा अवस्थेनंतर या वाहिन्यांवरील ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढलेल्या आणि वाहिन्या अधिक उतावीळ झालेल्या आढळल्या. सुटलेले जादा कॅल्शियम तंतुकणिकांमध्ये शिरते, तिथे आणखी ऑक्सिडीकारक रेणू तयार होतात आणि तेच पुन्हा वाहिन्या उघडतात. अल्झायमरशी निगडित अमिलॉइड प्रथिनांचे छोटे पुंजकेही या दुष्टचक्राला हातभार लावत असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे.

मग ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या घेऊन मेंदू वाचवता येईल? अमेरिकेत ७,५०० हून अधिक वयस्क पुरुषांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ई जीवनसत्त्व किंवा सेलेनियम घेऊन स्मृतिभ्रंश टळला नाही. त्यामागे अनेक कारणे असू शकतात. पण ज्या रेणूंवर स्मरण उभे आहे, ते सरसकट पुसून टाकणे हा उपाय ठरणार नाही, हे या वाहिनीच्या अभ्यासातून दिसते. औषध शोधायचे तर ते गळणारी वाहिनी तेवढी सावरणारे आणि शिकण्याच्या कामी येणारी मोकळी ठेवणारे हवे.